कपाटातला कॅमेरा विकू का? जरा लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दहा वर्षांपूर्वी घेतलेला डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), दीड वर्षात बॅगेची चेन उघडलेली नाही, मध्यंतरी बऱ्यापैकी चांगला फोन घेतला, मुलगी सात वर्षांची आहे, तर आता कॅमेरा विकावा, ठेवावा, की उलट नवीन मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, घ्यावा. आणि शेवटी विचारलंय, फोननं कॅमेरा संपवला का?

रोजच्या फोटोंपुरतं बोलायचं तर हो, संपवला, आणि आत्ता नाही, बऱ्याच वर्षांपूर्वी संपवला. हे मी कॅमेऱ्यावर पोट असलेली बाई म्हणून सांगतेय, वीस-बावीस वर्षं झाली या धंद्यात. सुट्टीवर जाताना मी स्वतः कॅमेरा नेत नाही, नेला तरी तो बॅगेतच राहतो आणि परत आल्यावर बघते तर सगळे फोटो फोनमध्ये. पण 'रोजचे फोटो' हा शब्द फसवा आहे हो. एकाचं रोजचं म्हणजे पावती, पार्किंगचा नंबर, खिडकीत झोपलेलं मांजर. दुसऱ्याचं रोजचं म्हणजे मैदानावर पळणारं पोर, जे एका जागी दोन सेकंद टिकत नाही. पहिल्याला कॅमेरा द्यायची गरजच नाही, दुसऱ्याला फोन रोज थोडा थोडा फसवतो आणि त्याला वाटतं आपल्यालाच फोटो काढता येत नाहीत.

आधी कोण मेलं आणि कोण जिवंत आहे ते बघू, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. २०१० साली जगभरात साधारण १२ कोटी डिजिटल कॅमेरे कंपन्यांमधून बाहेर पडले, तो कळस होता. २०२३ मध्ये हा आकडा ७७ लाखांच्या आसपास होता. म्हणजे जवळपास सगळाच बाजार बसला. पण त्या १२ कोटींतले १० कोटींहून जास्त हे खिशात मावणारे, लेन्स न निघणारे छोटे कॅमेरे होते, आणि २०२३ मध्ये ते उरले फक्त १७ लाखांच्या घरात. लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे २०१२ मध्ये २ कोटींपर्यंत गेले होते, ते खाली येऊन ६० लाखांपाशी थांबले. पडले, पण मेले नाहीत. मेला तो खिशातला. कॅसिओनं २०१८ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांचा धंदा सोडला, ऑलिम्पसनं २०२१ च्या सुरुवातीला आख्खा कॅमेरा विभागच दुसऱ्याच्या हाती दिला.

आणि हे सगळं फोनचे फोटो चांगले आले म्हणून झालं का, तर नाही ना, गंमत तीच आहे. २००७ चा पहिला आयफोन आठवा, २ मेगापिक्सेल, ऑटोफोकस नाही, व्हिडिओ तर नाहीच. तेव्हाचा साधा खिशातला कॅमेरा ७-८ मेगापिक्सेलचा, खरा ऑप्टिकल झूम, खरा फ्लॅश. फोटोच्या दर्जावर लढाई असती तर फोन पहिल्याच दिवशी आडवा झाला असता. पण फोटोचं कामच बदललं होतं. आधी फोटो अल्बममध्ये लावायचा असायचा, मग तो पाठवायचा झाला. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, कॉम्प्युटरवर उतरवा, मग पाठवा, एवढं कोण करणार, तोवर समोरच्याची उत्सुकता संपलेली असते. मला वाटतं कॅमेरा कंपन्यांना हे कळायला फार वेळ लागला, आणि अजूनही त्यांच्या ॲपमधून फोनवर फोटो घ्यायचा म्हटलं की डोकं धरून बसायची वेळ येते, पण ते असो.

आता आतलं बघू. फोटो म्हणजे शेवटी प्रकाश गोळा करणं. पागोळीखाली वाटी ठेवली काय आणि घमेलं ठेवलं काय, पाऊस तोच, पण पाच मिनिटांनी पाणी किती साठलं त्यात फरक. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप, हे ते भांडं. फुल फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. तुमच्या डीएसएलआरमधला, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो साधारण ३३०. आणि चांगल्या महागड्या फोनच्या मेन कॅमेऱ्याचा सत्तरेक. म्हणजे तुमचं भांडं फोनच्या पाचपट मोठं. हे ऐकून लोक खूश होतात आणि म्हणतात बघा, कॅमेरा तो कॅमेरा.

पण थांबा. भांड्याच्या वर झाकण असतं ना, त्याचं भोक किती मोठं तेही बघायला हवं. फोनची लेन्स एफ १.८ च्या आसपास असते. तुमची १८-५५ झूम केली की एफ ५.६ वर जाते. हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान, आणि १.८ ते ५.६ म्हणजे सेन्सरच्या तेवढ्याच तुकड्यावर पडणारा प्रकाश जवळजवळ दहापट कमी. पाचपट मोठं भांडं, पण धार दहापट बारीक. गणित मांडलंत तर कळेल की झूम केलेल्या किट लेन्सनं, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या लेन्सनं, तुमचा कॅमेरा फोनच्या निम्माच प्रकाश गोळा करतो! घरात संध्याकाळी काढलेले तुमचे डीएसएलआरचे फोटो फोनपेक्षा वाईट यायचे आणि तुम्ही हळूहळू बॅग उघडायची बंद केलीत, त्याचं कारण बहुधा हेच. तुमच्या कॅमेऱ्याला फोननं हरवलंच नाही, त्याच्यासोबत फुकट आलेल्या लेन्सनं हरवलं. हे दुकानात कुणी सांगत नाही, किट घ्या म्हणतात, दोन लेन्स मिळतायत म्हणून आपणही खूश.

वर फोन आणखी एक गोष्ट करतो, जी डीएसएलआर करत नाही. तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन एक फोटो काढत नाही. कॅमेरा ॲप उघडलं तेव्हापासून तो आतल्या आत फ्रेम्स काढत असतो, जुन्या टाकत असतो, आणि बोट टेकलं की त्या क्षणाच्या आगेमागेच्या सात-आठ-पंधरा फ्रेम्स उचलतो, एकावर एक बसवतो, हात हलला असेल तर तेवढ्या सरकवून घेतो आणि सरासरी काढतो. सोळा फ्रेम्स अशा एकत्र केल्या की दाणे, म्हणजे नॉइज, चौथाईवर येतात. वाटी लहान आहे ना, मग सोळा वाट्या भरून एका पातेल्यात ओतल्या, असं समजा. गूगलनं २०१३ मध्ये नेक्सस ५ फोनवर एचडीआर प्लस नावाची ही फ्रेम्स जोडायची सोय आणली तिथपासून हे जोरात सुरू झालं, २०१८ मध्ये गूगलच्याच पिक्सेल फोनवर काळोखासाठीचं नाइट साइट आलं आणि मग सगळ्यांनीच नाइट मोड दिला. त्या वर्षी मी एका मित्राशेजारी उभी होते, मी ट्रायपॉड लावून, केबल लावून, काळोखातल्या पुलाचा फोटो काढतेय, त्यानं फोन काढला, तीन सेकंद हात धरला आणि मला स्क्रीन दाखवली. माझा फोटो चांगला होता. त्याचाही होता. आणि त्याचा ट्रायपॉड घरी होता. त्या रात्री मी खरंच जरा गप्प झाले होते.

खिडकीसमोर बसलेल्या माणसाचा फोटो घ्या, मागे उजेड, चेहरा काळोखात. कॅमेऱ्यानं काढायचा तर एक काहीतरी सोडावं लागतं, नाहीतर फ्लॅश, नाहीतर रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं काही न सुधारलेली मूळ फाइल) काढून नंतर सावल्या उचलत बसा. फोन चेहराही देतो, बाहेरचं झाडही देतो, तेही निम्म्या सेकंदात. एकदम इमानदारीत सांगते, जे हलत नाही, जे दोन-चार मीटरच्या आत आहे आणि जे स्क्रीनवरच बघायचंय, तिथे फोनपेक्षा चांगला फोटो काढायला मलाही मेहनत करावी लागते.

आता दुसरी बाजू. मागे भाचीचा स्टेजवर नाच होता, मी मुद्दाम कॅमेरा न नेता गेले, म्हटलं आज प्रेक्षक म्हणून बसायचं. मग अर्थातच बहीण म्हणाली, ताई तू असताना मी कशाला काढू, तूच काढ. काढले फोनवर, पाचपट झूमवर, निळ्या-लाल लाइटमध्ये. छोट्या स्क्रीनवर सगळे वा वा म्हणाले. घरी येऊन लॅपटॉपवर उघडले. चेहरा होता, पण गाल मेणासारखे गुळगुळीत, डोळे होते पण नजर नव्हती, भुवई आणि पापणी यांच्यामधली रेघ फोननं स्वतःच्या मनानं काढलेली. उजवा हात वर गेलेला, त्याची बोटं मोजली तर सहा भरली, कारण दोन वेगवेगळ्या क्षणांचे हात एकावर एक चिकटले होते. ओढणीचं टोक मागच्या पडद्यात विरघळलं होतं. नव्वद फोटो काढले होते, ठेवण्यासारखे चार निघाले, आणि ते चारही ती नाच संपवून नमस्कार करत उभी होती तेव्हाचे!

हे असं का होतं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. सोळा वाट्यांची युक्ती चालते ती समोरचं शांत असेल तर. मूल फिरकी घेतंय तर पहिल्या आणि आठव्या फ्रेममध्ये हात वेगळ्या जागी आहे, जुळवणार काय? मग फोन हलणाऱ्या भागापुरती एकच फ्रेम वापरतो, ती दाणेदार असते, तिच्यावर इस्त्री फिरवतो, आणि आपल्याला मेणाचं पोर मिळतं. त्यात झूमचा कॅमेरा म्हणजे दुसरीच लेन्स आणि दुसराच सेन्सर, बऱ्याच फोनमध्ये मेन सेन्सरच्या चौथाई किंवा त्याहून लहान, आणि लेन्सचं तोंडही बारीक. प्रकाश पुरेसा नसला तर काही फोन गुपचूप झूमची लेन्स बंदच करतात आणि मेन कॅमेऱ्याचा मधला तुकडा कापून मोठा करून देतात, स्क्रीनवर मात्र ५एक्स लिहिलेलं असतं. खात्री करायची असेल तर अंधारात झूम करून मेन लेन्सवर बोट ठेवा. चित्र काळं झालं की समजा, दुधाची तहान ताकावर भागवली जातेय.

तिथेच मी माझा कॅमेरा आणि ८५ एफ १.८ घेऊन गेले असते तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरता, आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश वाढवून घ्यायची पातळी, ३२००, दाणे आले असते, नक्की आले असते, पण पाच बोटं आली असती आणि नजर आली असती. दाण्यांचं कुणाला काही वाटत नाही हो, प्रिंटमध्ये दिसतही नाहीत. नजर नसली की वाटतं.

झूमबद्दल अजून थोडं, कारण खोक्यावर १००एक्स बघून लोक फोन घेतात. २०० मेगापिक्सेल सेन्सरचा एकेक पिक्सेल साधारण ०.६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. आता प्रकाश लेन्सच्या भोकातून जाताना थोडा पसरतोच, तो भौतिकशास्त्राचा नियम आहे, त्याला कुठल्या कंपनीचा इंजिनिअर काही करू शकत नाही. एफ १.८ ला एका बिंदूचा ठिपका पसरून २.४ मायक्रॉनचा होतो, म्हणजे एकाच ठिपक्याखाली आडवे चार आणि उभे चार पिक्सेल आले. त्या २०० मधून नवीन माहिती फारशी येत नाही, म्हणून फोनही बहुतेक वेळा सोळा पिक्सेलचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ते बरोबरच करतो. त्यापुढे जो झूम दिसतो तो अंदाज असतो. २०२३ मध्ये चंद्राच्या फोटोवरून गाजलं होतं ना, एकानं चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला, खोलीत अंधार केला, लांबून फोननं त्याचा फोटो काढला, आणि फोननं त्यात मूळ धूसर चित्रात नसलेली विवरं आणून बसवली. चंद्राची एकच बाजू आपल्याला कायम दिसते म्हणून ते खपलं. लांबच्या पाटीवरची अक्षरं मोठी करून बघा, अक्षरांसारखं काहीतरी दिसतं पण वाचता येत नाही. झाडाची पानं बघा, वॉटरकलरचे फटकारे मारल्यासारखी.

आणि इथे तुमची ती दुर्लक्षित ५५-२५० उजवी ठरते. एफ ५.६ असली तरी मोठ्या सेन्सरवर ती फोनच्या झूम कॅमेऱ्याच्या कितीतरी पट प्रकाश गोळा करते. दिवसाउजेडी मैदानावर, पक्ष्यांसाठी, पोहण्याच्या शर्यतीला, ही लेन्स आजही कुठल्याही फोनला ऐकत नाही. फक्त सूर्य मावळला की तिला घरी न्या.

पोर्ट्रेट मोडचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण मुलीचे फोटो म्हटले की तो येणारच. मागचं धूसर होणं हे लेन्सच्या भोकाच्या खऱ्या आकारावर अवलंबून असतं. फोनच्या मेन लेन्सचं भोक जेमतेम चार मिलिमीटर, ५० एफ १.८ लेन्सचं जवळपास अठ्ठावीस. चार मिलिमीटरमधून ती धूसरता येणं शक्य नाही म्हणून फोन अंतराचा नकाशा बनवतो, माणूस कापतो आणि बाकीच्यावर धूर सोडतो. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लसवर हे आलं तेव्हा केसांच्या कडा कात्रीनं कापल्यासारख्या दिसायच्या, आता खूप सुधारलंय. तरी चष्म्याच्या काडीमागे, कुरळ्या केसांत, कमरेवर हात ठेवून उभं राहिल्यावर कोपराच्या त्रिकोणात बघा, धूर कुठेतरी चुकलेला असतोच. फोनवर बघणाऱ्याला दिसत नाही, आणि मी आताशा कुणाला दाखवायलाही जात नाही, उगाच कशाला एखाद्याच्या आनंदात माती कालवा.

एक मात्र जरूर करा. चेहऱ्याचा फोटो फोन तोंडाजवळ नेऊन काढू नका. अंतर कमी झालं की नाक मोठं आणि कान मागे जातात, हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब मांडला होता की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं, कारण सेल्फी बघून नाकाचं ऑपरेशन करायला लोक येत होते. दोन पावलं मागे जा आणि २एक्स लावा, झालं.

रंगांबद्दल माझी तक्रार आहे आणि ती कदाचित म्हातारपणाची असेल. फोनला अंधार सहन होत नाही. दिवेलागणीला अंगणात बसलेल्या आजीचा फोटो काढा, फोन तिथे दुपार करून टाकतो, भिंत दिसते, कुंड्या दिसतात, आजीच्या सुरकुत्या जातात. ते सगळं दिसणं म्हणजे चांगला फोटो असं फोन बनवणाऱ्यांनी ठरवलंय. स्क्रीनवर बोट टेकवून उजेडाची पट्टी खाली ओढली तर निम्मा प्रश्न सुटतो, पण ते करतं कोण. कॅमेऱ्यात निर्णय माझा असतो, फोनमध्ये आधी त्याचा आणि मग मला भांडावं लागतं. रॉ काढता येतो फोनमध्येही, पण तुम्ही नंतर बसून प्रोसेस करणार नसाल तर त्या वाटेला जाऊ नका, फक्त स्टोरेज भरेल.

लोकांना वाटतं मोठी प्रिंट काढायची तर कॅमेराच लागतो. तसं नाहीये. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तरी १३ बाय १० इंच होतात. घोळ दुसरीकडे असतो. एक गृहस्थ आले होते, वडील गेलेले, फ्रेमसाठी फोटो मोठा करायचा होता. फोटो दिला तो चॅटवर आलेला, सोळाशे पिक्सेल रुंद, त्यात घरातली अकरा माणसं, वडिलांचा चेहरा असेल नसेल १८० पिक्सेल. ते म्हणाले फोनचा फोटो आहे, असाच येणार. मी म्हटलं हा मूळ कुणाच्या फोनवर काढलाय ते शोधा. दोन दिवसांनी पुतण्याच्या जुन्या फोनमध्ये सापडला, चार हजार पिक्सेल, चेहरा साडेचारशेचा, आणि मुख्य म्हणजे चुरगळलेला नाही, मिशीचे केस मोजता येत होते. आठ बाय दहाची प्रिंट व्यवस्थित निघाली. फोननं बिघडवलेलंच नव्हतं काही, चार ग्रुपमधून फिरून फिरून बिघडलं होतं. त्यामुळे जपायचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मूळ फाइल कुठेतरी वेगळी ठेवा, नुसतं गॅलरीत आहे म्हणजे आहे असं समजू नका.

मग नवीन मिररलेस? तुमच्याकडे दीड वर्ष बॅग उघडली नाही असं तुम्हीच लिहिलंय. नवीन कॅमेरा आणला तर पहिले तीन महिने उघडाल, मग त्याचीही चेन गंजेल. मिररलेसमध्ये एक खरी चांगली गोष्ट आहे, डोळा ओळखून त्यालाच चिकटून राहणारा फोकस, पळणाऱ्या मुलांसाठी तो जादूसारखा वाटतो आणि तुमच्या डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, बघताना तो मिळणार नाही. पण तो घेऊन पुन्हा किट लेन्सच लावणार असाल तर संध्याकाळी घरात परत तेच रडगाणं. नाकापेक्षा मोती जड होईल.

सध्या छोट्या कॅमेऱ्यांची परत लाट आलीये तेही तुमच्या कानावर असेल. फुजीफिल्मचा एक्स१००सहा २०२४ मध्ये आला आणि महिनोन्महिने वेटिंग लागलं, पोरंपोरी आईबाबांचे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे डिजिटल कॅमेरे शोधून काढतायत, २०२४ मध्ये एकूण कॅमेऱ्यांचा आकडाही थोडा वर सरकला, ८५ लाखांच्या आसपास. निम्मी फॅशन आहे, निम्मं खरं आहे. खरं असं की फोननं फोटो काढायला गेलं की नोटिफिकेशन दिसतं, मग उत्तर द्यायचं राहतं, मग फोटो राहतो. कॅमेऱ्यात दुसरं काही नसतं. मी शिकायला येणाऱ्यांना सांगते तेव्हा हेच एक कारण सांगते, बाकी पिक्सेल-बिक्सेल नंतर. पण तुमच्या प्रश्नात ती हौस दिसली नाही, तुम्हाला मुलीचे फोटो हवेत एवढंच आहे, आणि त्यात कमी काहीच नाही.

तर विकायच्या आधी एक रविवार द्या. फोनची गॅलरी उघडा, गेल्या वर्षभरात मुलीचे जे फोटो फसले ते बघा, डिलीट केले नसतील तर. कशामुळे फसले? घरात, हॉलमध्ये, ती हलली म्हणून फसलेत असे बरेच निघाले तर कॅमेरा विकू नका, बॉडी तशीच ठेवा आणि ३५ एफ १.८ किंवा एफ २ ची एक साधी लेन्स घ्या, जुनी मिळाली तरी चालेल, पण ऑटोफोकस तुमच्या बॉडीवर चालतो का ते आधी तपासा. ५० सुचवतील सगळे, पण एपीएस-सी वर ती ७५-८० सारखी वागते, घरातल्या खोलीत मागे सरकता सरकता भिंतीला पाठ टेकते. ३५ लावली की तोच दहा वर्षांपूर्वीचा कॅमेरा फोनच्या चार-पाचपट प्रकाश घ्यायला लागतो. लांबून काढलेले फसलेत, खेळाच्या मैदानावरचे, तर तुमची ५५-२५० आहेच, तेवढ्या दिवसापुरती बॅग उचला. आणि फसलेले फोटोच फारसे नाहीत, किंवा जे हुकले ते कॅमेरा घरी होता म्हणून हुकले, तर विका आणि मोकळे व्हा. वाईट वाटून घेऊ नका. मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी फोनच हाताशी होता ना.

फोनच वापरायचा ठरवलात तर रोज एक गोष्ट करा, लेन्स पुसा. शर्टाच्या टोकानं पुसली तरी चालेल. लोक मला फोन दाखवून म्हणतात कॅमेरा खराब झालाय, दिवे पसरतात, सगळं दुधाळ येतं, आणि काचेवर बोटांचा तेलकट ठसा असतो, बस.

आणि विकणार असाल तर काही तपासण्या. लेन्स उजेडासमोर धरून आरपार बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी दिसली तर ती बुरशी, दीड वर्ष बंद बॅगेत होती म्हणजे शक्यता आहे, आणि ती लपवून विकू नका. शटर किती क्लिक झालाय ते काढून ठेवा, घेणारा विचारेल. बॅटरी इतके दिवस पडून होती तर फुगली नाही ना ते बघा, मगच चार्जरला लावा. आणि कॅमेरा सुरू झाला की कार्ड फॉरमॅट करायची घाई करू नका, आधी प्लेचं बटण दाबून मागे मागे जात बघा. माझ्याकडे विकायला आलेल्या निम्म्या कॅमेऱ्यांत कार्ड तसंच असतं आणि त्यात कधीच न उतरवलेले फोटो असतात. तुमच्या कार्डावर मुलगी साडेपाच वर्षांची असेल.